ऐकलेलं इंग्रजी, टाइप केलेलं इंग्रजी

शॉर्टहँडमध्ये स्पेलिंग नसतं. कानावर पडेल ते कागदावर उतरवायचं, एवढाच नियम. ‘नी’ म्हणजे गुडघा. त्याच्या सुरुवातीचा मुका ‘के’ शॉर्टहँडच्या वहीत कधीच उमटत नाही. ‘कॉफ’ म्हणजे खोकला. त्याच्या शेवटच्या ‘जी’ आणि ‘एच’ची तिथे कुणाला आठवणही होत नाही. ‘क’च्या आडव्या रेघेला ‘फ’चा आकडा लावला की शब्द संपला. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ एकाच अक्षराने सुरू होतात, हेही लिहिणाऱ्या हाताला ठाऊक नसतं. ‘सिटी’साठी तो बारीक वर्तुळ काढतो, ‘कॅट’साठी आडवी रेघ ओढतो. इंग्रजीचं स्पेलिंग उच्चाराबरहुकूम केलं तर काय होईल, हा प्रश्न विद्वान मंडळी कित्येक पिढ्या विचारत आली आहेत. स्टेनो मंडळी तो प्रयोग रोज करत होती.

मुंबईत फोर्टमधल्या सॉलिसिटरांच्या एका जुन्या फर्ममध्ये सगळी नोकरी केलेल्या एका लघुलेखिकेचा हा अनुभव. सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये डिक्टेशन घ्यायचं आणि दुपारी आपल्या टेबलावर येऊन ते टाइप करायचं. म्हणजे सकाळभर उच्चाराचं इंग्रजी आणि दुपारभर स्पेलिंगचं इंग्रजी. या दोन इंग्रजींमधली ये-जा त्यांनी आधी रेमिंग्टनवर, मग इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवर आणि शेवटी संगणकावर केली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी कुणी ‘इंग्रजीचं स्पेलिंग सुधारायलाच हवं’ असं म्हटलं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ते नेहमीच्या वादविवादातलं नसतं.

त्या मराठी शाळेतल्या. इंग्रजी पाचवीपासून, तेही पुस्तकापुरतं. एसएससीनंतर गिरगावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं तेव्हा इंग्रजी बोलायची सवय अजिबात नव्हती आणि स्पेलिंगची धास्ती मात्र पक्की होती. शॉर्टहँडच्या पहिल्या धड्यात सरांनी फळ्यावर एक तिरकी बारीक रेघ काढली आणि म्हणाले, ‘प’. तीच रेघ ठळक काढली आणि म्हणाले, ‘ब’. उभी बारीक रेघ ‘ट’, ठळक केली की ‘ड’. आडवी बारीक ‘क’, ठळक ‘ग’. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलींना हे पाठ करावं लागत होतं. मराठी शाळेतल्या मुलींना ते आधीच येत होतं, कारण ही आपलीच वर्णमाला होती, फक्त उलट्या क्रमाने. आपण कंठापासून निघून ओठांपर्यंत येतो : क, च, ट, त, प. पिटमनच्या तक्त्यात ओठांपासून सुरुवात होते आणि प-ब, ट-ड, च-ज असं करत क-ग या कंठ्य जोडीपर्यंत जाता येतं. इंग्रजीशी त्यांची पहिली मैत्री झाली ती या तक्त्यामुळे. शाळेत ज्या भाषेत प्रत्येक शब्द घोकावा लागत होता, ती भाषा इथे ऐकून लिहिता येत होती.

हा तक्ता करणाऱ्या आयझॅक पिटमनचा मूळ ओढा स्पेलिंग सुधारण्याकडेच होता, ही गोष्ट शॉर्टहँड शिकलेल्या फारच थोड्यांना माहीत असते. इंग्लंडमधल्या या शाळामास्तराने १८३७ मध्ये ‘स्टेनोग्राफिक साउंड-हँड’ नावाची छोटी पुस्तिका चार पेन्सांना विकायला काढली. पुढे त्याने अलेक्झांडर जॉन एलिस या ध्वनिशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन छपाईसाठीही उच्चारानुसारी लिपी तयार केली, खिळे पाडले, नियतकालिकं चालवली. स्वतःची सहीही तो आपल्याच स्पेलिंगमध्ये करी. बाथ शहरात त्याच्या पहिल्या पत्नीच्या थडग्यावरचा लेखही तशाच स्पेलिंगमध्ये कोरलेला आहे. १८९७ मध्ये तो गेला, तोपर्यंत त्याचं शॉर्टहँड जगभरातल्या कचेऱ्यांमध्ये, वर्तमानपत्रांमध्ये आणि कोर्टांमध्ये पोहोचलं होतं. त्याची स्पेलिंग सुधारणा मात्र त्याच्या छापखान्याबाहेर फारशी गेली नाही. एकाच माणसाच्या एकाच तत्त्वावरच्या दोन कामांपैकी एक जगाने उचललं आणि दुसरं बाजूला ठेवलं. असं का झालं, याचं उत्तर पुस्तकांपेक्षा लघुलेखिकेच्या वहीत जास्त स्पष्ट दिसतं.

त्या वहीत पहिली अडचण यायची ती बोलणाऱ्याची. फर्मचे एक वडीलधारे भागीदार विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. ते शब्दाच्या मधला ‘र’ उच्चारतच नसत. त्यांच्या तोंडी ‘कोर्ट’ आणि ‘कॉट’ म्हणजे पकडलेला, हे दोन शब्द एकसारखेच येत. दुसरे भागीदार गुजराती. करविषयक कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्यांचा ‘टॅक्स’ कानाला ‘टेक्स’ ऐकू येई. मद्रासहून काउन्सेल आले की ‘एम’चा ‘यम्’ होई. आणि आपण मराठी माणसं तर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोघांना एकाच ‘व’ने बोलावतो, ‘वेस्ट’ म्हटलं की पश्चिम दिशा की बंडी, हे मागच्यापुढच्या शब्दांवरूनच ओळखायचं. या प्रत्येकाचं इंग्रजी उत्तम होतं. प्रत्येकाने ड्राफ्ट केलेला दावा न्यायाधीशांपुढे उभा राहत होता. पण प्रत्येकाने आपल्या उच्चाराप्रमाणे स्पेलिंग केलं असतं, तर एकाच फर्मच्या एकाच मजल्यावर चार इंग्रजी भाषा तयार झाल्या असत्या.

मिळकतीच्या प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक परिशिष्ट असतं. त्यात मिळकतीचं वर्णन, सर्व्हे नंबर, चतुःसीमा. त्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो इंग्लंडमध्ये ‘शेड्यूल’ आणि अमेरिकेत ‘स्केड्यूल’ असा उच्चारतात. मुंबईत दोन्ही ऐकू येतात. उच्चार दोन, स्पेलिंग एक, म्हणून गेल्या दीडशे वर्षांचे दस्त एका शब्दाखाली सापडतात.

पिटमनलाही ही अडचण कळली होती. लंडनच्या सुशिक्षित बोलीत ‘फार्म’सारख्या शब्दांतला ‘र’ गळून पडलेला होता. स्कॉटलंडात, आयर्लंडात, अमेरिकेत आणि खुद्द इंग्लंडच्या पश्चिम भागात तो ठणठणीत उच्चारला जात होता. पिटमनच्या शॉर्टहँडमध्ये तो ‘र’ लिहिला जातो. म्हणजे उच्चाराला सर्वस्व मानणाऱ्या पद्धतीनेही कुणा एकाच्या तोंडावर विसंबून न राहता सर्वांना चालेल असं रूप निवडलं. स्पेलिंगचंही काम हेच असतं.

दुसरी अडचण वेगाची. सरकारी लघुलेखकांच्या पदांसाठी महाराष्ट्रात मिनिटाला ८०, १०० आणि १२० शब्दांच्या पायऱ्या आहेत. लघुटंकलेखक, मग निम्नश्रेणी, मग उच्चश्रेणी. १२० शब्दांच्या वेगात स्वर लिहीत बसायला सवड नसते. व्यंजनांची आउटलाइन काढायची आणि ती ओळीच्या वर, ओळीवर किंवा ओळीला छेदून ठेवायची; त्या जागेवरून पहिला स्वर कोणता हे समजतं. बाकीचं डोकं भरून काढतं. पण ‘प्रॉसिक्यूशन’ आणि ‘पर्सिक्यूशन’ या दोन शब्दांची व्यंजनं तीच आणि तशीच लागोपाठ येतात. पहिला म्हणजे खटला चालवणं, दुसरा म्हणजे छळ करणं. फौजदारी प्रकरणात या दोघांची अदलाबदल झाली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून पिटमनच्या पुस्तकात अशा जोड्यांच्या आउटलाइन मुद्दाम वेगळ्या ठरवून दिलेल्या आहेत, आणि त्या पाठच कराव्या लागतात. ‘पेशंट’ आणि ‘पॅशनेट’ ही अशीच जोडी. ध्वनीवर उभ्या असलेल्या लिपीलाही वाचणाऱ्याची फसगत टाळण्यासाठी शेवटी घोकंपट्टीचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट या लघुलेखिकेला फार महत्त्वाची वाटते. त्या म्हणतात, “लिहिणाऱ्याची सोय वेगळी, वाचणाऱ्याची वेगळी. वही माझी होती तोवर मला सोय होती. ती दुसऱ्याच्या हातात गेली की संपलं.”

हे शब्दशः खरं होतं. कार्यालयात एखादी लघुलेखिका अचानक रजेवर गेली की तिची वही टेबलावर उघडी असून बंद असल्यासारखीच. शेजारची तितकीच तयार, त्याच पुस्तकातून शिकलेली. तरी चार ओळींच्या पुढे तिची गाडी अडायची. याचं मोठं कारण वगळलेले स्वर, हे खरं. पण दुसरं कारण असं, की तिने जे ऐकलं होतं ते हिने ऐकलेलं नव्हतं. साहेबांचा आवाज, त्यांची बोलण्याची लकब, त्या दिवशीचं प्रकरण, हे सगळं वहीच्या बाहेर राहिलेलं असे. पत्र पुन्हा सांगावं लागे.

दुपारी टाइपरायटरपुढे बसलं की स्पेलिंगचा कारभार सुरू होई, आणि कायद्याच्या इंग्रजीइतकं दुष्ट स्पेलिंग दुसरीकडे क्वचितच असेल. कर्ज म्हणजे ‘डेट’, त्यात मुका ‘बी’. पावती म्हणजे ‘रिसीट’, त्यात मुका ‘पी’. साक्षीदाराला बोलावणारं समन्स म्हणजे ‘सपीना’, त्यात ‘बी’ही आहे आणि ‘ओ’ही. गहाणखत म्हणजे ‘मॉर्गेज’, त्यातला ‘टी’ मुका. आरोप ठेवणं म्हणजे ‘इन्डाइट’, त्यात कधीही न उच्चारला जाणारा ‘सी’. आणि उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींखेरीजच्या न्यायाधीशांना जो शब्द वापरतात तो उच्चारायचा ‘प्युनी’ आणि लिहायचा असा, की नव्या टंकलेखिकेला तो चुकीचाच वाटावा. शॉर्टहँडमध्ये हे सगळे शब्द दोन-तीन स्ट्रोकांत आटोपतात. टाइप करताना प्रत्येकाची स्वतंत्र आठवण ठेवावी लागते. कार्बन लावून चार प्रती काढत असताना ‘रिसीट’चा ‘पी’ राहिला तर चारही प्रतींवर खोडरबर घासत बसायचं, आणि दस्त महत्त्वाचा असेल तर पान पुन्हा टाइप करायचं. तेव्हा त्या ‘पी’वर जो राग येई तो अगदी रास्त होता.

कारण यातली पुष्कळ अक्षरं उच्चारातून आलेलीच नाहीत. ‘डेट’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितांनी मूळ लॅटिन शब्दात ‘बी’ आहे म्हणून तो नंतर बसवला. ‘रिसीट’चा ‘पी’ आणि ‘इन्डाइट’चा ‘सी’ यांचीही तीच कथा. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर गैरसमजातून आला. बेटाच्या मूळ इंग्रजी शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू खिळ्यांमध्ये बसू लागलं. नेमक्या त्याच काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. हा बदल १७०० च्या सुमारापर्यंत चालला. उच्चार पुढे गेले आणि छापलेली रूपं मागे राहिली. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दातला ‘के’ आणि ‘जीएच’ एके काळी खरोखर उच्चारले जात. आज ते फक्त कागदावर आहेत.

पण सगळीच मुकी अक्षरं निरुपयोगी नसतात, हे टाइप करणाऱ्याच्या लवकर लक्षात येतं. ‘साइन’मधला ‘जी’ मुका आहे, पण ‘सिग्नेचर’ आणि ‘सिग्नेटरी’मध्ये तो बोलतो. ‘कंडेम’च्या शेवटचा ‘एन’ मुका, ‘कंडेम्नेशन’मध्ये जिवंत. सही करणारा, सही आणि सही केलेली हे तीन शब्द एका दस्तात दहा वेळा येतात आणि डोळ्याला त्यांचं एकच घराणं दिसतं. भूतकाळाचा ‘ईडी’ही तसाच. ‘आस्क्ट’, ‘साइन्ड’, ‘प्लीडेड’ असे त्याचे उच्चार तीन, स्पेलिंग एक. उच्चाराप्रमाणे लिहायचं तर एकाच व्याकरणाच्या प्रत्ययाला तीन रूपं द्यावी लागतील. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजीचं स्पेलिंग जवळजवळ आदर्श आहे असा दावा केला तो याच आधारावर. लघुलेखिकेला हा दावा जरा जास्तच वाटतो. ‘सपीना’च्या बाबतीत तर नक्कीच. पण त्यामागचा मुद्दा त्यांनी रोज वापरलेला आहे.

समोच्चारी शब्दांचं तर विचारूच नये. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल आणि ‘प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्व. ‘काउन्सेल’ म्हणजे वकील आणि ‘काउन्सिल’ म्हणजे परिषद. ‘साइट’ म्हणजे बांधकामाची जागा आणि ‘साइट’ म्हणजे निवाड्याचा दाखला देणं. बिल्डरच्या एका दाव्यात हे सगळे एका पानावर येऊ शकतात, आणि कानाला त्यांत फरक नसतो किंवा नावालाच असतो. स्पेलिंगमुळे न्यायाधीशांना पान दुसऱ्यांदा वाचावं लागत नाही.

फर्मच्या तळघरात जुन्या दस्तांच्या पत्र्याच्या पेट्या होत्या. मलबार हिलवरची एखादी मिळकत विकायची झाली की त्यातून व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, जाड कागदावर काळ्या शाईत तिरक्या वळणाने लिहिलेलं खरेदीखत वर यायचं आणि त्याची नक्कल टाइप करायला या लघुलेखिकेकडे द्यायचे. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाचं ते इंग्रजी त्या धडाधड वाचत. एखाददुसऱ्या शब्दाचं स्पेलिंग जुन्या धर्तीचं असे. ‘शो’ या शब्दात ‘ओ’च्या जागी ‘ई’ असे. तेवढं सोडलं तर मजकूर कालच लिहिल्यासारखा. त्याच पेटीतून कधी मोडी कागद निघे. मग मात्र सगळं काम थांबायचं. मोडी जाणणारा माणूस शोधायचा, त्याच्याकडून बाळबोधीत लिप्यंतर करून घ्यायचं, त्याचं इंग्रजी भाषांतर करायचं, आणि मग टाइप. मराठी माणसाच्या घराण्याचा कागद, मराठी भाषेत, आणि तो मराठी लघुलेखिकेला वाचता येत नाही. लिपी बदलली की मागचे कागद कसे कुलूपबंद होतात हे महाराष्ट्राइतकं कुणाला ठाऊक असेल? इंग्रजीचं स्पेलिंग मुळापासून बदला म्हणणाऱ्यांनी या पेटीचा विचार केला पाहिजे. उच्चारही काही स्थिर राहणार नाहीत. शंभर-दीडशे वर्षांनी पुन्हा बदलावं लागेल, आणि दर खेपेला एक पेटी कुलूपबंद होईल.

तरीही सुधारणा मुळीच होत नाही असं नाही. नोह वेबस्टरने अमेरिकेत जे बदल सुचवले त्यांतले ‘कलर’मधला ‘यू’ गाळण्यासारखे साधे बदल टिकले. १८२८ च्या त्याच्या मोठ्या कोशातून ते पक्के झाले. ‘टंग’ आणि ‘विमेन’ची त्याने सुचवलेली नवी रूपं लोकांनी नाकारली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०६ च्या ऑगस्टमध्ये ३०० शब्दांचं सोपं स्पेलिंग सरकारी छापखान्यावर लादायचा प्रयत्न केला. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली, संसदेत विरोध झाला आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९३४ पासून आपल्या पानांवर आखूड स्पेलिंग नेटाने चालवलं आणि १९७५ मध्ये त्यातलं बहुतेक सोडून दिलं. इतकी वर्षं एवढं मोठं दैनिक रोज घरोघर जात होतं, तरी ते वळण वाचकांच्या हाताला लागलं नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट संसदेत गेला. मॉन्ट फॉलिक या खासदाराचं विधेयक १९४९ मध्ये ८४ विरुद्ध ८७ अशा अवघ्या तीन मतांनी पडलं. १९५३ मध्ये दुसरं विधेयक द्वितीय वाचनात ६५ विरुद्ध ५३ मतांनी पुढे सरकलं आणि सरकारने संशोधनाला हरकत न घेण्याचं आश्वासन दिल्यावर मागे घेतलं गेलं. या चळवळीत पुढे होता जेम्स पिटमन, आयझॅकचा नातू आणि बाथचाच खासदार. त्याने आजोबांचं अर्धवट राहिलेलं काम शाळेत नेलं. चव्वेचाळीस अक्षरांची ‘इनिशियल टीचिंग अल्फाबेट’ ही लिपी त्याने लहान मुलांसाठी तयार केली आणि १९६१ पासून ती वर्गांत आली. पुढच्या काही वर्षांत ती अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही पोहोचली. मुलं लवकर वाचू लागली, न घाबरता लिहू लागली. शिक्षकांना त्याचा आनंदही झाला. पण वाचन सुरळीत झालं की मुलाने ही लिपी सोडून नेहमीच्या स्पेलिंगवर यायचं होतं, आणि बऱ्याच मुलांची गाडी या वळणावर अडली. मिळालेली आघाडी तिथे विरून गेली. घरात, रस्त्यावर, दुकानाच्या पाटीवर एक इंग्रजी आणि पाठ्यपुस्तकात दुसरं. सत्तरीच्या दशकात प्रयोग ओसरला.

लघुलेखिकेला यात आश्चर्य वाटत नाही. दोन इंग्रजी भाषा सांभाळायला त्यांना पगार मिळत होता आणि शिकायला कळतं वय मिळालं होतं. पाच वर्षांच्या मुलाकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

मुलांचा हा प्रश्न मात्र बाजूला सारण्यासारखा नाही. फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधल्या पहिलीच्या मुलांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध केली. फिनिश मुलं परिचित शब्दांपैकी ९८ टक्के बरोबर वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडमधली मुलं ३४ टक्के. इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलांची ही गत असेल, तर महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी हातात पडलेल्या मराठी शाळेतल्या मुलांवर काय ओझं पडत असेल? ज्या मुलाने नुकतंच शिकलं आहे की ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, सगळीकडे होतो, नेहमी होतो, त्याला दुसऱ्या तासाला सांगितलं जातं की ‘पुट’ आणि ‘बट’ यांतला ‘यू’ वेगवेगळा वाचायचा. शहाण्या मुलाला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही.

मराठीने आपलं घर थोडंफार आवरलं आहे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘कांहीं’चं ‘काही’ झालं, ‘नांव’चं ‘नाव’ झालं. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. ‘इ’, ‘उ’ऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहिणारी ‘अ’ची बाराखडी मात्र, सावरकरांसारख्यांनी तिचा एवढा पुरस्कार करूनही, रुजली नाही. थोडे ठिपके काढून टाकणं लोकांनी स्वीकारलं, अक्षरांचे चेहरे बदलणं नाकारलं. आणि जे झालं ते होऊ शकलं कारण एक राज्य होतं, एक महामंडळ होतं आणि पाठ्यपुस्तकं एका ठिकाणी निघत होती. इंग्रजीचा असा कुणी मालक नाही. लंडनने ठरवलं तर न्यूयॉर्क ऐकणार नाही आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात तर घटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजी आहे. तिथे आजही निकाल म्हणजे ‘जजमेंट’ हा शब्द मधला ‘ई’ गाळूनच लिहितात आणि ब्रिटिश वळणाचा संगणक कधी कधी त्यालाही तांबडी रेघ मारतो.

शिवाय देवनागरीसारखी उच्चारानुसारी लिपी म्हणजे जलद काम, हेही खरं नाही. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या स्टेनोग्राफर परीक्षेत दहा मिनिटांचं डिक्टेशन असतं. ‘सी’ श्रेणीला ते टाइप करायला इंग्रजीसाठी ४० मिनिटं आणि हिंदीसाठी ५५ मिनिटं देतात. महाराष्ट्र शासनालाही टंकलेखनाचा वेग इंग्रजीत ४० शब्दांचा लागतो, मराठीत ३०. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं यांना कळफलकावर वेळ लागतोच.

आता आवाजाचं स्पेलिंगमध्ये रूपांतर यंत्रं करू लागली आहेत. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात घटनापीठापुढच्या सुनावणीचं कृत्रिम बुद्धिमत्तेने तात्काळ प्रतिलेखन करण्याचा प्रयोग झाला. प्रकरण महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचं होतं. यंत्राला ‘रिसीट’चा ‘पी’ पाठ करावा लागत नाही. पण वकिलाने म्हटलेलं ‘साइट’ म्हणजे जागा की दाखला, हे त्यालाही मागच्यापुढच्या वाक्यांवरूनच ओळखावं लागतं, आणि ओळखलं आहे की नाही हे शेवटी स्पेलिंगवरूनच कळतं.

इंग्रजीचं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे करू नये, असं या लघुलेखिकेचं मत आहे. कुणाच्या उच्चाराप्रमाणे, या प्रश्नाला फोर्टच्या एका मजल्यावरही उत्तर मिळालं नाही, तिथे जगात कुठून मिळणार? ‘डेट’चा ‘बी’, ‘रिसीट’चा ‘पी’, ‘आयलंड’चा ‘एस’ अशी निव्वळ पंडिती अक्षरं मात्र जमेल तशी गळू द्यावीत. त्यांनी कुणाचं काही बिघडणार नाही. आणि शाळांनी एक गोष्ट स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून घ्यावी. स्टेनोच्या त्या परीक्षेत शब्द गाळला किंवा बदलला तर पूर्ण चूक धरतात. स्पेलिंग चुकलं तर अर्धी. वेग आणि अचूकपणा यांवरच ज्यांची नोकरी उभी आहे त्यांना ही सवलत आहे. मराठी शाळेतल्या सहावीच्या मुलीने ‘रिसीट’ म्हणजे काय हे समजून, वाक्यात योग्य जागी वापरून, फक्त ‘पी’ गाळला, तर तिच्या पेपरात त्याचे पूर्ण गुण कापू नयेत. हा नियम लावायला कुठल्या संसदेचं विधेयक लागत नाही. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी ठरवलं तर येत्या चाचणीपासून तो लावता येईल.